तयार नादाचा प्रश्न : प्रीसेट, सॅम्पल आणि समीक्षेची कसोटी

संगीतशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात नादाचे तीन विशेष सांगितलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पहिल्या विशेषातून स्वर, श्रुती, सप्तक आणि राग यांचा सारा विस्तार उभा राहतो. दुसऱ्याचा विचार गायनवादनाच्या प्रत्यक्ष शिक्षणात होतो. जातीविषयी मात्र एखाददुसरे वाक्यच येते. सतारीचा षड्ज आणि बासरीचा षड्ज एकाच उंचीचे असूनही कानाला निराळे वाटतात ते नादाच्या जातीमुळे, एवढे सांगून पुस्तक पुढे सरकते. यात ग्रंथकारांचा दोष नाही. जात ही वाद्याबरोबर येणारी गोष्ट होती. मिरजेचा कारागीर ती जवारी काढताना घडवीत असे, वादक ती सांभाळीत असे. रचना करणाऱ्याने तिचा स्वतंत्र विचार करण्याचे विशेष कारण नव्हते.

इलेक्ट्रॉनिक संगीताने ही व्यवस्था मोडली. सिंथेसायझरमध्ये नादाची जात आधीच ठरलेली नसते, ती ठरवावी लागते. म्हणजे स्वर आणि लय यांच्याइतकीच जात हीही रचनेची बाब झाली. तत्त्वतः असंख्य नाद शक्य झाले. व्यवहारात मात्र मूठभर नादच जगभर ऐकू येऊ लागले. यंत्रात कारखान्यातच भरून दिलेला तयार नाद म्हणजे प्रीसेट, आणि जुन्या ध्वनिमुद्रणातून कापून घेतलेला तुकडा म्हणजे सॅम्पल. या दोहोंच्या अतिवापराविषयीची तक्रार गेली चार दशके सातत्याने होत आहे. तेच ते नाद, तेच ते ताल, घासून गुळगुळीत झालेले, असा तिचा सूर असतो. प्रस्तुत लेखात या तक्रारीची तपासणी करावयाची आहे. तक्रार निराधार नाही. परंतु ती बोट दाखविते ती जागा बहुधा चुकीची असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एका पियानोची कथा

१९६७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार संगणकावर कंपित स्वराचे प्रयोग करीत होते. गायक स्वर आंदोलित करतो तेव्हा ते आंदोलन सेकंदाला साधारण पाचसहा वेळा होते. चाउनिंग यांनी हा वेग वाढवीत नेला. तो सेकंदाला काही शेकड्यांवर गेला तेव्हा कानाला आंदोलन जाणवेनासे झाले आणि त्याच्या जागी एका वेगळ्याच जातीचा नाद ऐकू येऊ लागला. दोन साध्या लहरींच्या परस्परक्रियेतून घंटेसारखे किंवा पितळी वाद्यांसारखे गुंतागुंतीचे नाद मिळू शकतात, हा तो शोध होय. १९७३ मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. यामाहा या जपानी कंपनीने स्टॅनफर्डकडून या पद्धतीचा परवाना घेतला आणि तिच्यावर आधारलेला डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ मध्ये बाजारात आला.

या यंत्राची शक्ती मोठी होती. त्यात सहा लहरजनक होते आणि ते एकमेकांना जोडण्याचे ३२ प्रकार होते. अडचण वेगळीच होती. पूर्वीच्या सिंथेसायझरवर प्रत्येक गुणधर्मासाठी स्वतंत्र खुंटी असे, हाताने फिरवावी आणि कानाने ऐकावे. डीएक्स-७ वर दोन ओळींचा छोटा पडदा, सपाट बटणे आणि आकडा बदलण्यासाठी एक सरकपट्टी एवढेच होते. एका वेळी एकच आकडा बदलता येई, आणि तो बदलल्याने नादात काय घडेल हे अनुभवी माणसालाही नीट सांगता येत नसे. ब्रायन ईनो यांच्यासारखे चिकाटीने नाद घडविणारे अपवाद सोडले, तर बहुसंख्य वादकांनी तयार नादांवरच समाधान मानले. दुरुस्तीस येणाऱ्या दहा यंत्रांपैकी नवांत कारखान्याचेच नाद जसेच्या तसे असत, अशी एक आख्यायिका आहे. ती अक्षरशः घ्यावयाची नसली तरी त्या काळातील ध्वनिमुद्रणे तिच्या बाजूने साक्ष देतात.

या तयार नादांची निर्मिती प्रामुख्याने डेव्ह ब्रिस्टो आणि गॅरी लॉयनबर्गर या दोन संगीतकारांनी केली. त्यांतील ‘ई. पियानो १’ हा नाद सर्वांत गाजला. मेगन लॅव्हनगुड या संगीतशास्त्रज्ञ विदुषीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८६ साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या गीतांपैकी सुमारे ४० टक्के गीतांत तो आढळतो, आणि रिदम अँड ब्लूज या प्रकारात हे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत जाते. वेगवेगळे गायक, वेगवेगळे संगीतकार, वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणशाळा आणि पियानो मात्र एकच.

तो नाद वाईट होता म्हणून पसरला काय? मुळीच नाही. त्याची बांधणी अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. सहा लहरजनकांच्या तीन जोड्या, आणि त्यांतील एका जोडीत मूळ स्वराच्या १४ पट कंप्रतेची लहर मिसळलेली. तिच्यामुळे आघाताच्या क्षणी काचेवर चमचा वाजावा तशी बारीक किणकिण उमटते. कळ जितकी जोराने दाबावी तितकी ही किणकिण वाढते. म्हणजे हाताच्या दाबाला नाद प्रतिसाद देतो. ज्या फेंडर ऱ्होड्स पियानोची ही प्रतिकृती, त्यापेक्षा हा नाद अधिक स्वच्छ आणि अधिक चकचकीत होता. दाट वाद्यमेळातूनही तो वर येत असे.

दोष उद्भवला तो पुढे. हा नाद संथ लयीच्या प्रेमगीतांत इतका वापरला गेला की तो ऐकू येताच, गायिकेने तोंड उघडण्यापूर्वीच, श्रोत्याला काय वाटावयाचे ते ठरून जाऊ लागले. नाद हा अनुभव राहिला नाही, तो अनुभवावर लावलेली चिठ्ठी झाला. थिओडोर अडॉर्नो यांनी १९४१ मध्ये लोकप्रिय संगीतावरील निबंधात प्रमाणीकरणाची जी मीमांसा केली ती गीताच्या साच्याविषयी होती. ठराविक मात्रांचा आराखडा, ठराविक जागी येणारा कळसबिंदू, आणि वरवरच्या तपशिलांत दिलेला वेगळेपणाचा आभास असे त्यांचे निदान होते. त्यांच्या काळात नादाची जात वादकाच्या हातात होती, त्यामुळे ती या साच्याबाहेर राहिली. १९८३ नंतर तीही साच्यात आली. अडॉर्नो यांच्या विवेचनाला जोडावयाची ही पुरवणी आहे, आणि लोकप्रिय संगीताच्या अभ्यासात तिला अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही.

ठेक्याची हरकत

येथे भारतीय संगीताच्या अभ्यासकाकडून एक रास्त हरकत येऊ शकते. आपल्याकडे तेच ते वापरण्यात कमीपणा कधी मानला गेला? तीनतालाचा ठेका सर्वांचा सारखाच असतो. तीच बंदिश चार पिढ्या गातात. ओवीचा आणि अभंगाचा छंद शेकडो कवींनी वापरला, त्यावर कोणी चोरीचा आळ घेतला नाही. मग एका पियानोच्या नादाने अमेरिकेवर दशकभर राज्य केले तर त्यात एवढे काय बिघडले?

ही हरकत महत्त्वाची आहे, कारण ती मौलिकतेविषयीची पाश्चात्त्य स्वच्छंदतावादी कल्पना आपण न तपासता उचलली आहे, याची जाणीव करून देते. प्रथमदर्शनी तिला असे उत्तर देता येते : ठेका ही अपूर्ण वस्तू आहे. बोल ठरलेले असले तरी ‘धा’ कसा वाजेल, बायाँ किती घुमेल, मात्रा किती रेंगाळेल, हे प्रत्येक तबलजीचा हात ठरवितो. राग तर त्याहूनही अपुरा असतो, गायकाने गाईपर्यंत तो केवळ शक्यता असतो. प्रीसेट याउलट पूर्ण करून दिलेला असतो. (आपल्या रियाझाच्या खोल्यांतही तालमाला नावाचे यंत्र आले आहे. त्याचा ठेका पूर्ण झालेला ठेका आहे. विद्यार्थ्यांची लय त्यामुळे पक्की होते, पण ताठही होते, अशी कुरकुर अनेक गुरुजन करतात. ती या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे.)

हे उत्तर प्रस्तुत लेखकास पुष्कळ काळ पुरेसे वाटत होते. एका सहासात सेकंदांच्या ध्वनिमुद्रणाने ते अपुरे ठरविले.

सहासात सेकंदांचे ड्रमवादन

१९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाने एक तबकडी काढली. तिच्या मुख्य बाजूवरील ‘कलर हिम फादर’ हे गीत गाजले. मागच्या बाजूवर ‘आमेन, ब्रदर’ ही वाद्यरचना होती. तिच्या मध्यावर इतर सर्व वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक चार आवर्तने एकटाच वाजवितो. पहिली दोन आवर्तने सरळ आहेत. तिसऱ्यात तो स्नेअरचा एक आघात मुद्दाम मागे खेचतो. चौथ्यात पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि झांजेचा आघात अपेक्षेआधीच आणतो. एवढेच ते वादन.

१९८६ मध्ये तबकडीवाल्यांसाठी काढलेल्या एका संकलनात ही रचना समाविष्ट झाली आणि तेथून हा तुकडा सॅम्पल म्हणून पसरला. अमेरिकेतील हिप-हॉपने तो मुख्यतः फिरता ठेवून वापरला. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी निराळेच घडले. तेथील तरुण संगीतकारांनी त्याची गती खूप वाढविली, सॅम्पलर यंत्रात त्याचे एकेका आघाताइतके बारीक तुकडे केले, आणि ते तुकडे नव्या क्रमाने जोडले. एका आघाताची उंची बदलली, दुसरा उलटा वाजविला, तिसऱ्याची मुळाक्षरासारखी पुनरावृत्ती केली. कोणत्याही मानवी हाताला न वाजविता येणारे, तरीही मानवी हाताचा ओलावा टिकवून ठेवणारे असे तालवादन त्यातून निर्माण झाले. जंगल आणि ड्रम अँड बेस या दोन संगीतप्रकारांचा पाया हाच तुकडा होय. नोंदी ठेवणाऱ्या सूचींनुसार त्याचा वापर सहा हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणांत झाला आहे.

अतिवापराचा निकष लावला तर ‘ई. पियानो १’ पेक्षा हा तुकडा कितीतरी अधिक अपराधी ठरतो. आणि तो तर यंत्रातील नादापेक्षाही अधिक ‘पूर्ण’ आहे : विशिष्ट माणसाने विशिष्ट दिवशी वाजविलेला, मुद्रित होऊन गोठलेला. तरीही त्यातून रूढ साचा न निपजता एक संगीतप्रकार निपजला, कारण वापरणाऱ्यांनी तो पुन्हा अपूर्ण केला. ठेका आणि प्रीसेट यांतील जो भेद वर वस्तूमध्ये दाखविला, तो वास्तविक वस्तूत नाही, वापरणाऱ्याच्या वृत्तीत आहे. फोडण्याची तयारी असेल तर गोठलेला नादही कच्चा माल होतो. तयारी नसेल तर यमन रागही प्रीसेट होऊ शकतो, आणि तसा तो झालेला आपण अनेक मैफिलींत ऐकलेला आहे.

परंतु हा गौरव येथेच थांबविता येत नाही. त्या सहा हजार ध्वनिमुद्रणांतून कोलमन यांना काहीही मिळाले नाही. २००६ साली अटलांटा येथे ते बेघर आणि विपन्न अवस्थेत मरण पावले. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना या वापराचा पत्ता लागला तो १९९६ च्या सुमारास, तेव्हा कायदेशीर दाव्याची मुदत टळून गेली होती. २०१५ मध्ये रसिकांनी वर्गणी काढून त्यांना सुमारे २४,००० पौंड दिले. २०२० मध्ये तेही निवर्तले. हा केवळ कायद्याचा विषय आहे असे म्हणून समीक्षेने त्यातून अंग काढून घेऊ नये. प्रीसेट किंवा सॅम्पल हा आकाशातून पडलेला नाद नसतो. त्यात कोणाचे तरी श्रम असतात, आणि तो जितका सर्वपरिचित होतो तितका त्याचा कर्ता अपरिचित होत जातो.

या संदर्भात एक लहानसा विरोधाभास नोंदवावासा वाटतो. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या फेअरलाइट या सॅम्पलर-संगणकात ‘ऑर्क-५’ नावाचा एक नाद होता. स्ट्राविन्स्की यांच्या ‘फायरबर्ड’ या १९१० च्या नृत्यनाट्यातील संपूर्ण वाद्यवृंदाचा तो एकच आघात. १९८२ च्या ‘प्लॅनेट रॉक’ पासून तो शेकडो नृत्यगीतांत वाजला. रॉबर्ट फिंक यांनी २००५ मध्ये त्याचा इतिहास सविस्तर लिहिला. स्ट्राविन्स्की यांचे नाव असे अभ्यासकाने शोधून काढले. त्या मूळ ध्वनिमुद्रणात व्हायोलिन धरून बसलेल्यांचे नाव कोण शोधणार? मुंबईच्या चित्रपटसंगीतात हाच प्रश्न अधिक जवळून भेटतो. ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात त्या वादकांच्या मुलाखती संकलित केल्या आहेत. व्हायोलिनच्या ताफ्यांत ज्यांचा मोठा भरणा होता ते गोव्याचे वादक १९९० च्या दशकात कामावाचून राहू लागले, कारण ताफ्याची जागा कळफलकावरील तयार ‘स्ट्रिंग्ज’नी घेतली. त्यानंतरच्या अनेक गीतांतील ती सपाट, श्वास न घेणारी तंतुवाद्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. ती कानाला खटकली, पण का खटकतात हे आपल्या समीक्षेने क्वचितच लिहिले.

मुंबईतील एक तबकडी

तयार यंत्राशी वागण्याची दुसरी रीतही मुंबईतच सापडते. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातील गिटार आणि कळफलक वाजविणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही रोलंड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी वापरली. त्या काळी चित्रपटांत डिस्कोचा सुळसुळाट होता, तेव्हा त्याच डिस्कोतून काही वेगळे करावे असे वाटले, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्यांनी पुढे दिले.

टीबी-३०३ हे यंत्र एकट्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून बनविलेले होते. साथीच्या कामात ते सपशेल अपयशी ठरले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. बेस गिटारची नक्कल म्हणून ठेवलेली ही सोय सिंग यांनी भैरव, ललित अशा रागांच्या स्वरवाक्यांसाठी कामी आणली. ही मींड आहे असे कोणी शुद्धतावादी मान्य करणार नाही, आणि रागविस्ताराच्या दृष्टीने तबकडीत उणिवा आहेतच. ताल यांत्रिक आहे, विलंबिताला वाव नाही, ललितासारख्या रागाची व्याकुळता १२० च्या आसपासच्या गतीत कशी टिकावी? मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे : त्यांनी यंत्राला त्याचे ठरवून दिलेले काम करू दिले नाही. तबकडी त्या वेळी विकली गेली नाही. शिकागोतील ‘फ्यूचर’ या त्रयीने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढून याच यंत्रापासून ॲसिड हाउस हा प्रकार सुरू केला. २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांना तिच्यात त्या प्रकाराची पूर्वखूण ऐकू आली. सिंग यांना ‘ॲसिड हाउसचे जनक’ म्हणण्याची त्यानंतर आलेली लाट अतिशयोक्त आहे. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकल्याचा काहीही पुरावा नाही. दोन ठिकाणी दोन कानांनी एका फसलेल्या यंत्रात वेगवेगळ्या शक्यता ऐकल्या, हे सत्य पुरेसे रोचक आहे. पुढे ३०३ चा तोच किंचाळता नाद इतका झिजला की आज तोही तयार नादांच्या यादीत जाऊन बसला आहे.

आजची परिस्थिती अधिक अवघड आहे, कारण तयार मालाची मर्यादाच नाहीशी झाली. रिहाना यांचे २००७ चे ‘अम्ब्रेला’ हे गीत ज्या ड्रमच्या लूपवर उभे आहे तो ॲपल संगणकाबरोबर मिळणाऱ्या गॅरेजबँड या प्रणालीतील होता, म्हणजे कोणाही ग्राहकाला उपलब्ध असलेला. सब्रिना कार्पेंटर यांच्या २०२४ च्या ‘एस्प्रेसो’ मध्ये स्प्लाइस या वर्गणीवर चालणाऱ्या ध्वनिसंग्रहातील लूप आहेत. हे उघडकीस आले तेव्हा अनेकांनी नाक मुरडले. प्रस्तुत लेखकास त्या नाक मुरडण्यात रस नाही. ‘अम्ब्रेला’ मधील लूपचा कोरडा, काहीसा उद्धट आघात आणि त्यावरील गायनाची ओढ यांचे नाते कोणीतरी ऐकले, म्हणून ते गीत उभे राहिले. निवडणे हीही कृती आहे, मात्र तिच्यामागे ऐकणे हवे. स्प्लाइससारख्या संग्रहातील नाद परवान्याने मिळतात, त्यामुळे कोलमन यांच्याबाबत झाला तसा उघड अन्याय टळतो. पण गीताच्या श्रेयनामावलीत लूप घडविणाऱ्याचे नाव देण्याचे बंधन नसते, आणि अनामिकता आता करारानेच येते.

काही वर्षांपूर्वी एका युवक महोत्सवात वाद्यसंगीताच्या स्पर्धेचे परीक्षण करण्याचा प्रसंग आला होता. एका विद्यार्थ्याने संगणकावर रचलेली छोटी रचना सादर केली. सुरुवातीलाच कळफलकावरील अतिपरिचित बासरीचा तयार नाद आला, आणि प्रस्तुत लेखकाने तेथेच मनातल्या मनात गुण कापले. नंतर परीक्षकांच्या खोलीत सहज त्याचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. त्याने त्या बासरीचा आघात छाटून टाकला होता आणि केवळ मागे उरणारा फुंकरीचा अंश ठेवला होता. रचना पुढे गेली तसा स्वर पूर्ण हरपत गेला आणि शेवटी फक्त श्वास उरला. पहिल्या ऐकण्यात हे लक्षात आले नाही, कारण नाद ओळखीचा वाटताच ऐकणे थांबले होते. निकाल तोपर्यंत जाहीर झाला होता. गुणपत्रिका पुन्हा काढून पाहिली तेव्हा तिच्यात स्वर, लय, ताल, तयारी आणि सादरीकरण असे पाच रकाने होते. नादाच्या जातीसाठी रकाना नव्हता.